कऱ्हाटीच्या मिठातला करकोचा

मी एका मेलेल्या पक्ष्याची हाडं आणायला बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटी गावी गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे देवदर्शनाची वाट बघत कुणी वाचत बसायला नको. मोरगाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं, तरी मी गेले नाही. घरी आल्यावर हे सांगितलं, तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी चोवीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे. आमच्या प्रयोगशाळेत कबुतराचा एक सांगाडा होता. नव्या इमारतीत सामान हलवताना त्याची पेटी कुणीतरी उलटी धरली. हाती लागली ती कवटी आणि दोन पाय. उडण्याची म्हणून जी हाडं दाखवायची असतात, नेमकी तीच चुरा झाली. तेव्हापासून मुलींना मी फळ्यावर चित्र काढून पक्षी शिकवते. ज्या मुलीनं पक्ष्याचं हाड हातात घेऊन पाहिलेलं नाही, तिला ते किती हलकं असतं हे खडूनं सांगता येत नाही.

म्हणून ललिताचं पत्र आलं तेव्हा मी उभ्या उभ्याच वाचलं. ललिता माझी जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील तेव्हा रत्नागिरीला पोस्टात होते. विच्छेदनाला तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. पुढं शिकायचं तिच्या मनात होतं; पण लग्न होऊन ती कऱ्हाटीला गेली आणि आता लोणी भापकरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या रानात विजेच्या तारेला धडकून कांड्या करकोचा मेला आहे. अख्खा आहे. काय करू?’

रानातला पक्षी मेला तरी तो सरकारचा असतो. वनखात्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत दिवाळी जाऊन संक्रांत आली. तोवर काय करायचं ते मी ललिताला कळवलं होतं: पोत्यात गुंडाळून हातभर खोल पुरून ठेव, वर दगड ठेव, कुत्री उकरणार नाहीत असं बघ. माती मांस खाईल, हाडं राहतील. पत्रात मी काही विसरले नाही अशी माझी समजूत होती.

बारामती

बारामतीला उतरले ती दुपारी. रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग होती आणि हवेला मळीचा आंबूस वास. आमच्याकडे समुद्राचा वास येतो तसा इथं साखरेचा. चार दिवसांत तो साडीला चिकटला.

ललिता स्टँडवर उभी होती. अंगानं भरली होती, डोळे तेच. माझ्या हातातला बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा बघून ती हसली.

“मॅडम, यात बसेल?”

“हाडं सुटी झाली की सगळं बसतं. कापूस आणलाय, जुन्या साड्या आणल्यात.”

“साडीत गुंडाळून नेणार? तुमचा पक्षी माहेराहून निघाल्यासारखा दिसेल.”

पंधरा वर्षांपूर्वी ती माझ्याशी असं बोलली नसती. मला बरं वाटलं.

तिचा नवरा प्रकाश इंदापूरला एका सरकारी कचेरीत आहे. दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं ठरवून टाकलं होतं, आधी इंदापूरला जाऊन जिवंत करकोचे बघायचे, मग कऱ्हाटीला. “आधी उडताना बघा, मग उकरू,” ती म्हणाली. चांगल्या शिक्षिकेचा क्रम होता तो. मी मान्य केला.

इंदापूरच्या पाण्यावर

उजनी धरणाचं पाणी इंदापूरकडे पसरलंय, त्याला काठ असा नाही. शेत कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं ते बाभळीच्या बुडालेल्या शेंड्यांवरून ओळखायचं. प्रकाशनं एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी ठरवली होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांना मी कोकणातून आले हे कळलं आणि त्यांनी लगेच विचारलं, “तुमच्याकडं दर्या हाय, मग हितं डबक्यात काय बघायला आलाय?”

“पाखरं.”

“खायाला?”

“शिकवायला.”

“आता ती काय शिकायची राह्यलीत व्हय? उडत्यात की चांगली,” तात्या म्हणाले, आणि प्रकाश तोंड फिरवून हसला.

करकोचे एका उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर होते. दोनेकशे असतील. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुपका. हिमालय ओलांडून आलेले, आणि इथं हरभऱ्याच्या रानातली कोंबडी उभी राहावी तसे आरामात उभे. मग कशानं तरी दचकले. आधी धावले, चार-सहा ढांगा टाकल्या, आणि उठले.

पंख वर जाताना मनगटात दुमडतो आणि खाली येताना पूर्ण उघडतो. ही दुमड मी चोवीस वर्षं फळ्यावर काढली आहे. मनगटातलं एक अर्धचंद्राच्या आकाराचं हाड हात बाजूला वळू देतं. तेच हाड दोन पायांवर धावणाऱ्या छोट्या शिकारी डायनोसॉरांच्या मनगटातही होतं. त्यांना उडता येत नव्हतं. ते हात झटकन पुढं टाकून भक्ष्य पकडायचे, आणि तीच झटक पुढं कधीतरी पंखाची फडफड झाली. पोकळ हाडंही त्यांच्याकडे आधीपासून होती. गळ्याजवळची दोन हाडं, जी आपली दोन बाजूंना वेगवेगळी असतात, ती त्यांच्यात जुळून चिमट्यासारखी झालेली होती. उडण्याचं बरंचसं सामान असं अंगावर घेऊन ती जनावरं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरच धावली.

हे मी होडीत मोठ्यानं सांगितलं. तात्या वल्हं मारत ऐकत होते.

“म्हंजे सामान हुतं आन्‌ काम माहीत नव्हतं.”

“दुसरंच काम होतं, तात्या.”

“व्हय, व्हय. आमची बी होडी आधी दुसऱ्याची हुती.”

ललिता मान मागं टाकून वर बघत होती. करकोचे फार उंच गेले होते, तरी बघत होती.

माझ्याजवळ छत्तीस फोटोंचा एक रोल होता. तो मी त्या पाण्यावर संपवला. बहुतेक फोटोंत आभाळ आणि ठिपके आले आहेत. दुपारी प्रकाशच्या खोलीवर चिलापी तळली. गोड्या पाण्यातला मासा आमच्या जिभेला अळणी लागतो आणि त्याचे काटे मोजता मोजता जेवण थंड होतं. मी दोन खाल्ले. भाकरी मात्र अशी रत्नागिरीत मिळत नाही.

कऱ्हाटी, सकाळ

कऱ्हाटीत ललिताचं घर वस्तीच्या टोकाला, सिमेंटचं, दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शाळेची वह्या-पुस्तकं. भिंतीवर ललितानं वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलं होतं: चीनमध्ये अंगावर पिसासारखी लव असलेला छोटा डायनोसॉर सापडल्याची बातमी. वर्षभरानं कागद पिवळा पडला होता. माझ्याकडेही तेच कात्रण आहे, पण फायलीत.

तिच्या सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी वाढली. जेवणं झाल्यावर मी तिच्या सासऱ्यांना, आबांना, म्हटलं, “आबा, तेवढं उकरायला कुणी मिळेल का?”

आबा साठीपुढचे, शिडशिडीत, पांढरी टोपी. त्यांनी पानाचा डबा बंद केला.

“बाई, एक सांगू? राग नगं.”

“सांगा.”

“माझा बाप गावची मेलेली ढोरं वढायचा. मी पोरगा हुतो, शेपूट धरायला मला न्यायचा. छप्पन सालात आमी दीक्षा घेतली आन्‌ वस्तीनं ठरवलं, आता मेलेलं वढायचं न्हाय. गावानं लई तरास दिला. पानी बंद केलं. पर सोडलं ते सोडलं. आन्‌ आता माज्या सुनंला चिठ्ठी येती, मेलेलं पाखरू पोत्यात घाल आन्‌ पूर.”

ललिता म्हणाली, “आबा, मॅडमना काय माहीत...”

“त्यांना म्हाईत न्हाय, म्हनून तर सांगतोय.”

मला माहीत नव्हतं हे खरं नाही. ललिताच्या घरचं मला ठाऊक होतं. छप्पन साली काय झालं तेही मी वाचलेलं होतं. फक्त पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं पक्षी होता, घर नव्हतं. मी तसं आबांना सांगितलं. चूक झाली म्हटलं. उगाच लांबवलं नाही, त्यांनीही नाही.

“पुरलं मीच,” ते म्हणाले. “सून पोतं घिऊन निघाली, म्या म्हणलं थांब. पोत्यात घालून मेलेलं कुत्रं टाकत्यात. पुरायचं तर नीट पुरू.” एवढं बोलून त्यांनी पुन्हा डबा उघडला. “उकरा. ललिता जागा दावंल. मी बांधावर बसतो.”

कऱ्हाटी, दुपार

जागा बांधाच्या कडेला होती, मुरमाड. वर तीन दगड आणि बाभळीच्या काट्या. ललितानं कुदळ घेतली, मी खोरं. आबा बांधावर बसून आमच्याकडे बघत होते आणि थोड्या वेळानं त्यांना राहवेना.

“बाई, खोऱ्याला कंबर लावा. पोळी लाटताय व्हय?”

हातभर खाली पांढरं कापड लागलं. ते मऊ, ओलसर, कुजकं असायला हवं होतं. ते ताठ होतं. मी बोटानं दाबलं तर करकर वाजलं. कापडाच्या घडीतून खड्याखड्यानं मीठ गळलं.

“आबा, मीठ घातलंत?”

“पाच किलो. खडेमीठ.”

“मीठ कशाला?”

आबांना माझा प्रश्न कळलाच नाही. “मीठ घातल्याबिगर कुणाला पुरत्यात व्हय? तुमच्याकडं न्हाय पुरत?”

आमच्याकडेही लहान मूल पुरताना मीठ घालतात. मला माहीत होतं. मी पत्रात खोली लिहिली, दगड लिहिले, कुत्री लिहिली. माणूस म्हणून पुरू नका, हे लिहायचं सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी तसं लिहिता आलं नसतं.

मीठ पाणी शोषून घेतं. मांस कुजत नाही, वाळतं. किडामुंगी फिरकत नाही. म्हणजे डब्यात भरून न्यायला सुटी हाडं तिथं नव्हती. तीन महिने वाट पाहून मी सुकट झालेला करकोचा उकरत होते. मनातल्या मनात मी परतीच्या एसटीची वेळ मोजायला लागले.

मग ललितानं कापड उलगडलं.

पक्षी कुशीवर होता. आबा बांधावरून म्हणाले, “पंख दुमडून ऱ्हाईनात, म्हनून पसरूनच ठिवलं.” दोन्ही पंख अर्धवट उघडे, एकेक लांब पीस जागच्या जागी. कातडी हाडांना इतकी चिकटली होती की तिच्याखालून हात, मनगट, तीन बोटं सगळं दिसत होतं. छातीच्या हाडाची धार वर आली होती आणि तिच्यापुढं तो चिमटा, जुळलेलं गळ्याचं हाड, कातडीतून उठून दिसत होता. पाय मागं ताणलेले. आणि मान मागं वळून, कमानीसारखी, डोकं पाठीला टेकलेलं.

“मॅडम,” ललिता म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्या मुलीसारखा झाला होता.

मला सांगायची गरज नव्हती. जर्मनीतल्या एका संग्रहालयात एक दगडी फरशी आहे. तिच्यात अर्धा सरडा अर्धा पक्षी असा एक जीव दाबला गेला आहे: पंख पसरलेले, लांब हाडांची शेपटी, पंखाला नखं, जबड्यात दात, आणि मान अशीच मागं वळलेली. तो खाऱ्या उथळ पाण्यात पडला, मानेमागचे बंध वाळून आखडले आणि डोकं मागं ओढलं गेलं, असं मानतात. आमच्या पुस्तकात त्याचं अर्ध्या पानाचं चित्र आहे. सव्विसाव्या वर्षी ती फरशी पाहायला जायची मला संधी आली होती, शिष्यवृत्तीसकट. मी पासपोर्ट काढला. वडील आजारी पडले. पासपोर्टाची मुदत एकही शिक्का न बसता संपली. यात कुणाचा दोष नाही आणि मी त्याबद्दल बोलत नाही. पण दर जूनमध्ये तो धडा आला की त्या पानावर मी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबते, हे ललिताला माहीत होतं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनाच माहीत होतं, असं तिनं तिथंच मला सांगितलं.

मी खड्ड्याच्या कडेला बसले. फोटोला रोल नव्हता. ललिताच्या वहीचे मधले कागद काढून मी चित्र काढायला घेतलं. ती मापं सांगत गेली, मी लिहीत गेले. आबा केव्हा उठून आमच्या मागं येऊन उभे राहिले, कळलं नाही.

“हाड हाय का बोरू?” त्यांनी पंखाकडे बोट दाखवून विचारलं. बोट लावलं नाही.

“पोकळच आहे आबा. आत आडवे टेकू असतात, बारीक.”

“ढोराचं हाड लई जड. एका मांडीच्या हाडाला माझा हात भरून यायचा. ह्याला कायच वजन नव्हतं. पुरताना वाटलं, कापडच पुरतोय.”

तीन वाजले तेव्हा ठरवायची वेळ आली. तसाच न्यावा तर ती वाळकी मान कुंभार्ली घाटात पहिल्याच वळणाला तुटली असती. पाण्यात भिजत घालून मांस कुजवावं तर त्याला तीन आठवडे लागतात आणि वास वस्तीभर जातो. त्या घराच्या अंगणात मेलेलं जनावर कुजत ठेवायचं हे मी तोंडातूनही काढलं नाही. ललिताच्या शाळेत ठेवावा तर परवानगीच्या कागदावर नाव माझ्या कॉलेजचं.

एक उपाय उरत होता. मीठ झाडून, कापड काढून, तो पुन्हा मातीत ठेवायचा. पावसात उरलेलं मीठ धुऊन जाईल, मुंग्या येतील, मांस जाईल. वर्षानं हाडं मिळतील. बहुतेक सगळी मिळतील. मान तेवढी अशी राहणार नाही. बंध गेले की मणके सुटे होऊन पडतात, माळेचा दोरा तुटावा तसे.

“नाहीतर आहे तसाच ठेवू,” ललिता म्हणाली. “मिठातच. कुणाला न सांगता. दरवर्षी तुम्ही या, आपण उघडून बघू.”

तिनं हे थट्टेनं म्हटलं नव्हतं. आणि मला, खरं सांगते, पटकन नाही म्हणता आलं नाही. वर्षातून एक दुपार. मी तेवढ्यावर भागवलं असतं.

पण रत्नागिरीला चाळीस मुली आहेत, आणि त्यांना हातात घ्यायला हाड हवं आहे.

“मीठ झाड,” मी म्हटलं.

आबा म्हणाले, “बिनमिठाचं मी पुरनार न्हाय.”

“तुम्ही नका. मी पुरते.”

पीस मोडू न देता आम्ही दोघींनी मीठ झाडलं. मी त्याला खड्ड्यात ठेवलं, होता तसाच, मान मागं. खरोखरच काही वजन नव्हतं. माती मी हातानं लोटली, खोऱ्यानं नाही. आबा माझं होईपर्यंत टोपी काढून उभे राहिले. मग दगड त्यांनी स्वतः ठेवले. दगडाला त्यांची हरकत नव्हती.

रत्नागिरी

रिकामा डबा घेऊन परत आले. ललिताच्या सासूबाईंनी त्यात हरभरा आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिली होती, तेव्हा अगदी रिकामा म्हणता येणार नाही.

जूनमध्ये तो धडा आला. पुस्तकातलं चित्र उघडलं, शेजारी माझं पेन्सिलचं चित्र लावलं. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, हा तुम्ही प्रत्यक्ष पाहिलाय?” कोणता, ते तिनं सांगितलं नाही. मी हो म्हटलं. चोवीस वर्षं मला जे पाहायला मिळालं नाही त्याची मला सवय झाली होती. ती दुपार मात्र मला मिळाली होती, आणि तिची सवय होत नाही. समुद्राच्या बाजूनं ढग आले, पाऊस धरला, की मला कऱ्हाटीचा बांध दिसतो आणि तिथं किती पडला असेल याचा मी हिशेब करत बसते. मला तिथं पाऊस हवा असतो आणि नकोही असतो.

गेल्या आठवड्यात ललिताचं कार्ड आलं. घरचे सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा दुखतो. कऱ्हेला पाणी आलं. शेवटी लिहिलं आहे: ‘मॅडम, खड्ड्यावरची माती चार बोटं खचली आहे. मुंग्यांची रांग लागली होती, आता तीही नाही. झालं असणार.’

चांगली बातमी आहे. दिवाळीची सुट्टी लागली की जाईन. मुलींना मी सांगितलंसुद्धा, या वर्षी हाडं येणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या.